साठातला एक सामना: ग्लेना कोलेट-वेअरची कारकीर्द पराभवांतून वाचताना

तुमचा प्रश्न असा आहे: मुलगी १७ वर्षांची, गोल्फमधला हँडिकॅप ४ (हा आकडा जितका कमी, तितका खेळ चांगला), आणि सलग दुसऱ्या वर्षी मॅच-प्लेची फायनल हरली. त्यानंतर तिनं अमेरिकन गोल्फपटू ग्लेना कोलेट-वेअरविषयी वाचलं आणि तुम्हाला विचारलं, की १९२४ साली ६० पैकी ५९ सामने जिंकूनही जी नेमकी राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या उपांत्य फेरीत हरली, जिला ब्रिटिश अजिंक्यपद कधीच मिळालं नाही, तिला सगळे एवढी थोर का मानतात? शिवाय तुम्ही स्वतः विचारलं आहे, की मुलीनं आता लगेच व्यावसायिक व्हावं, की हौशीच राहावं?

मी २७ वर्षं मुलींना गोल्फ शिकवते आहे, त्याआधी स्वतः हौशी स्पर्धा खेळले. मॅच-प्ले खेळणाऱ्या माझ्या प्रत्येक मुलीला मी ग्लेनाची कारकीर्द सांगते. सहा अमेरिकन अजिंक्यपदं (१९२२, १९२५, १९२८, १९२९, १९३० आणि १९३५) आधी सांगून टाकते, कारण ती कुठंही वाचायला मिळतात. मग आम्ही तिच्या पराभवांवर बसतो. ते प्रत्येक वेळी वेगळ्या जातीचे होते आणि हरल्यावर काय करायचं, हे त्या जातीवर ठरतं. तुमच्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर तिथंच आहे.

गोल्फ न खेळणाऱ्यांसाठी दोन ओळी. स्ट्रोक-प्लेमध्ये सगळे फटके मोजतात. मॅच-प्लेमध्ये समोर एकच प्रतिस्पर्धी असते आणि प्रत्येक होलचा हिशेब वेगळा. एका होलवर तुमचे दहा फटके झाले तरी तुमचा एकच होल जातो. उरलेल्या होलपेक्षा आघाडी मोठी झाली की सामना तिथंच संपतो. '३ आणि २' म्हणजे दोन होल बाकी असताना तीन होलची आघाडी. आणि स्पर्धा बाद पद्धतीची, म्हणजे एक सामना हरलात की घरी.

ग्लेनाचा जन्म १९०३ चा, न्यू हेवनचा. वाढली ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स शहरात. वडील सायकल शर्यतींतले नावाजलेले. पोहणं, पाण्यात सूर मारणं, भावाबरोबर बेसबॉल खेळणं यात रमलेली ही मुलगी १४ व्या वर्षी वडिलांबरोबर क्लबवर गेली आणि गोल्फचीच झाली. तिला घडवलं अ‍ॅलेक्स स्मिथनं. हा मूळचा कार्नूस्टीचा स्कॉट, दोनदा यूएस ओपन जिंकलेला. १८ व्या वर्षी तिचा एक ड्राइव्ह, म्हणजे होलचा पहिला लांब फटका, ३०७ यार्डांचा नोंदला गेला. हा आकडा वाचताना तुमच्या मुलीच्या पिशवीतला टायटॅनियमचा ड्रायव्हर डोळ्यांसमोर आणू नका. तेव्हा क्लबच्या दांड्या हिकरी लाकडाच्या होत्या. हिकरी फटक्याच्या वेळी पिळवटते, त्यामुळे तिच्याकडून लांब आणि सरळ मारून घ्यायचं तर स्विंगची लय घड्याळासारखी लागते. लांब मारणारी मुलगी लहान वयात सहज जिंकते आणि म्हणूनच ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या कापलेल्या हिरवळीच्या, आसपासचं काम शिकायला टाळाटाळ करते. स्मिथनं ग्लेनाला ती सवलत दिली नसावी, असं पुढच्या निकालांवरून मला वाटतं.

१९२१ साली, फिलाडेल्फियाजवळच्या बर्थेलिन चषकात तिची गाठ सेसिल लीचशी पडली. लीच म्हणजे १९१४, १९२० आणि १९२१ ची ब्रिटिश विजेती. ग्लेना एका होलनं जिंकली. एकाच सामन्यानं मुलीची मान ताठ झालेली मी अनेकदा पाहिली आहे, हा तसाच सामना. पुढच्या वर्षी ती अमेरिकेची विजेती झाली, वयाच्या १९ व्या वर्षी.

आता १९२४. राष्ट्रीय स्पर्धा तिच्याच राज्यात, ऱ्होड आयलंड कंट्री क्लबवर होती. उपांत्य फेरीत समोर मेरी ब्राउन. ही मुळात टेनिसपटू, १९१२ ते १९१४ अशी सलग तीन वर्षं अमेरिकेची टेनिस विजेती. सामना १८ होलमध्ये बरोबरीत सुटला आणि १९ व्या होलवर गेला. तिथं ब्राउनचा पट, म्हणजे ग्रीनवरून होलकडे घरंगळत मारलेला फटका, ग्लेनाच्या चेंडूला लागला, वळला आणि होलमध्ये पडला. सामना संपला. वर्षभरात हरलेला हा एकच.

तुमच्या मुलीला हे विचित्र वाटेल, कारण आज ग्रीनवर दुसरीचा चेंडू वाटेत असेल तर तो उचलून तिथं खूण ठेवतात. तेव्हाच्या मॅच-प्लेमध्ये दोन चेंडूंत सहा इंचांहून जास्त अंतर असेल तर चेंडू तिथंच राही. तो होलच्या वाटेत आला तर वळसा घाला, नाहीतर वरून उडवा. याला स्टायमी म्हणत. १९५२ च्या नियमांपासून स्टायमी गेली. म्हणजे ब्राउनचं काही चुकलं नव्हतं आणि ग्लेनाचंही नाही. मग ब्राउन स्वतः फायनलमध्ये डोरोथी कॅम्पबेल हर्डकडून हरली.

ही पराभवाची पहिली जात: अपघात. यावर औषध नाही आणि औषध घेऊही नये. हे मी ठासून सांगते, कारण मी स्वतः ते घेतलं होतं. विशीत असताना एका उपांत्य सामन्यात प्रतिस्पर्धी बंकरमधून, म्हणजे वाळूच्या खड्ड्यातून, मारायला गेली, चेंडू जोरात गेला, झेंड्याच्या काठीवर आपटला आणि सरळ आत पडला. मी त्याच होलवर चार फुटांचा पट चुकवला आणि हरले. घरी येऊन मी ठरवलं की माझं पटिंग बिघडलं आहे. अख्खा हिवाळा पकड बदलण्यात घालवला, पुढचे दोन हंगाम त्यात गेले. बिघडलेलं काहीच नव्हतं. ५९ सामने जिंकणाऱ्या मुलीनं साठाव्यासाठी स्विंग बदलायचा नसतो. ग्लेनानं बदलला नाही, हे पुढच्या वर्षीच्या निकालात दिसतं.

दुसरी जात लगेच १९२५ मध्ये भेटते. ट्रूनला ब्रिटिश अजिंक्यपदाच्या तिसऱ्या फेरीत जॉयस वेदरेडनं तिला ४ आणि ३ असं हरवलं. वेदरेड त्या काळातली सगळ्यांत पूर्ण खेळाडू होती. चार ब्रिटिश अजिंक्यपदं, १९२० ते १९२४ सलग पाच इंग्लिश अजिंक्यपदं. बॉबी जोन्ससारखा माणूस तिच्याबरोबर सेंट अँड्रूजला खेळल्यावर म्हणाला, की पुरुष असो वा स्त्री, आणखी कुणासमोर आपण इतके कमी पडलो असं वाटलं नव्हतं. तिच्याकडून ४ आणि ३ नं हरणं म्हणजे समोरची व्यक्ती त्या दिवशी आणि एरवीही तुमच्यापेक्षा सरस असणं. हे मान्य करायला मुलींना सगळ्यांत जड जातं आणि पालकांना त्याहून. पालक तेव्हा कोर्सची, हवामानाची, कॅडीची कारणं शोधतात. कृपया शोधू नका. अशा सामन्यातून मुलीनं एकच गोष्ट घरी न्यायची: समोरची कुठल्या फटक्याला आपल्यापेक्षा चांगली होती? पंधरा होल तिला तीन-चार मीटरवरून बघायला मिळालं, ही फुकटची शिकवणी असते.

त्याच वर्षी ग्लेनानं सेंट लुइसला अमेरिकेचं अजिंक्यपद परत जिंकलं. फायनलमध्ये अलेक्सा स्टर्लिंग फ्रेझरला, म्हणजे तीन वेळच्या माजी विजेतीला, तिनं ९ आणि ८ असं हरवलं.

आता १९२९ ची सेंट अँड्रूजची फायनल, जिच्यावर मी मुलींबरोबर सगळ्यांत जास्त वेळ घालवते. वेदरेड १९२५ नंतर स्पर्धांपासून दूर गेली होती. ती परतली कारण त्या वर्षी स्पर्धा सेंट अँड्रूजच्या प्रसिद्ध 'ओल्ड कोर्स'वर होती. फायनल ३६ होलची, सकाळी १८ आणि दुपारी १८. ग्लेनानं सकाळचे पहिले नऊ होल ३४ फटक्यांत काढले. ११ होलनंतर ती ५ होलनं पुढं होती. जेवायच्या सुट्टीला आघाडी २ वर आली होती. दुपारी वेदरेड पुढं गेली आणि सामना ३५ व्या होलवर, म्हणजे कोर्सच्या १७ व्या, त्या प्रसिद्ध रोड होलवर, ३ आणि १ असा संपला.

पाचच्या आघाडीवर काय होतं, ते खेळलेल्यांनाच कळतं. तोवर तुम्ही झेंड्यावर मारत असता. आता तुम्ही ग्रीनच्या मधोमध मारू लागता. पट आत घालण्याऐवजी जवळ ठेवू लागता. बाहेरून हे शहाणपण वाटतं. पण समोरचीला गमावण्यासारखं काही उरलेलं नसतं, ती मोकळी होते, आणि वेदरेडसारखी खेळाडू मोकळी झाली की दोन होल गेल्याशिवाय तुमच्या लक्षातही येत नाही. ग्लेना ढासळली असं मी म्हणणार नाही, दुपारीही ती झुंजली आणि सामना शेवटच्या दोन होलपर्यंत गेला. पण पाचवरून दोन होणं, हा सामना तिथं फिरला.

तुमच्या मुलीची पहिली फायनल, तुम्ही लिहिलं आहे त्यावरून, याच जातीची दिसते. ती १२ होलनंतर ३ होलनं पुढं होती आणि १८ व्यावर हरली. यावर मात्र औषध आहे. मी मुलींना सांगते: आघाडी तीनची झाली की कार्डावर आडवी रेघ मारायची आणि पुढच्या सहा होलचा सामना शून्यापासून सुरू करायचा. फटक्याआधीची तीच क्रिया, तोच वेळ, तोच क्लब जो बरोबरी असताना घेतला असता. हे बोलायला सोपं आहे, म्हणून सरावात आम्ही खोटी आघाडी देऊन खेळवतो: एक मुलगी ४ अपवर, म्हणजे चार होलच्या आघाडीवर, सुरुवात करते आणि तिला नऊ होल ती टिकवायची असते. पहिल्या महिन्यात बहुतेक जणी हरतात. टिकवायला लागू नकोस, जिंकायला लाग, हे त्यांना त्या नऊ होलमध्येच कळतं.

१९३० मध्ये फॉर्मबीला तिला आणखी एकदा ब्रिटिश फायनल मिळाली आणि १९ वर्षांच्या डायना फिशविकनं ती ४ आणि ३ नं हिरावली. कधीकधी समोर एखादी मुलगी आयुष्यातला सगळ्यांत चांगला आठवडा खेळत असते, त्यापुढं फार काही शोधू नये.

घरच्या मैदानावर मात्र याच काळात ती कुणाच्या हाती लागत नव्हती. १९२८, २९, ३० अशी सलग तीन अजिंक्यपदं, म्हणजे पाच-पाच सामने धरून १५ विजय. १९३१ मध्ये फायनलपर्यंतचे आणखी चार. सलग १९. मग बफेलोला हेलन हिक्सनं तिला २ आणि १ असं थांबवलं. बाद पद्धतीच्या मॅच-प्लेमध्ये सलग १९ म्हणजे काय, याचा विचार मुलीला करायला सांगा. १८ होलच्या एका सामन्यात समोरचीचं एका दिवसाचं झकास पटिंग तुम्हाला घरी पाठवू शकतं, १९२४ तुमच्यासमोर आहे. ग्लेना थोर का, या प्रश्नाला माझं उत्तर हे १९ सामने आहे. वेदरेड तिच्याहून चांगली खेळाडू होती, हे मी मानते. ग्लेना एकेरीत तिच्याकडून तीनदा हरली, तिसऱ्यांदा १९३२ च्या पहिल्या कर्टिस चषकात (अमेरिका आणि ब्रिटन-आयर्लंडच्या हौशी महिला संघांची स्पर्धा), वेंटवर्थला, ६ आणि ४ नं. मात्र त्याच स्पर्धेच्या फोरसम्समध्ये, जिथं दोघी मिळून एकच चेंडू आळीपाळीनं मारतात, ग्लेना आणि ओपल हिलनं वेदरेड आणि वांडा मॉर्गनला एका होलनं हरवलं आणि अमेरिकन संघ ५½-३½ नं जिंकला. वेदरेड निवडक स्पर्धा खेळली आणि लवकर बाजूला झाली. ग्लेना वर्षानुवर्षं प्रत्येक ड्रॉमध्ये नाव घालत राहिली, हरायची शक्यता दर वेळी पत्करत राहिली.

आता मुलीला एक दुसरं नाव द्या, कारण तिच्यासाठी ते ग्लेनापेक्षा उपयोगाचं आहे: व्हर्जिनिया व्हॅन वी. १९२८ ची फायनल व्हर्जिनियातल्या हॉट स्प्रिंग्सला झाली. ग्लेनानं तिला १३ आणि १२ असं हरवलं. ३६ होलच्या सामन्यात १२ होल बाकी असताना हात मिळवून परत यायचं, सगळ्या गॅलरीसमोर. १९३० मध्ये लॉस एंजेलिसला फायनलमध्ये पुन्हा ग्लेना, पुन्हा पराभव, ६ आणि ५. दोन फायनल, दोन्ही त्याच बाईकडून, दोन्ही मोठ्या फरकानं. १९३२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम कंट्री क्लबवर तिसऱ्यांदा तीच दोघी समोरासमोर आल्या आणि व्हॅन वी १० आणि ८ नं जिंकली. मग १९३३ आणि १९३४ ची अजिंक्यपदंही तिचीच. तुमच्या मुलीच्या दोन फायनल गेल्या आहेत. व्हॅन वीच्याही दोन गेल्या होत्या आणि तिच्यासमोर तर ग्लेना होती.

ग्लेनाच्या बाजूनं १९३२ बघितलं तर तिथं आणखी एक जात दिसते. १९३१ मध्ये तिचं लग्न झालं, घर-संसार सुरू झाला, सरावाचे तास कमी झाले. हे हरणं आयुष्याच्या वळणाचं असतं आणि त्याची लाज बाळगायचं कारण नाही. मी शिकवलेल्या किती तरी मुली इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात किंवा बाळंतपणानंतर अशा हरल्या आणि त्यांनी पिशवी कायमची माळ्यावर टाकली. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण १९३५ तिथं येतच नाही. १९३५ मध्ये ग्लेना ३२ वर्षांची, दोन मुलांची आई. फायनल मिनेसोटातल्या इंटरलॅकनला, समोर १७ वर्षांची पॅटी बर्ग, जिचा तो घरचा कोर्स. गर्दी अर्थातच पॅटीची. ग्लेना ३ आणि २ नं जिंकली. सहावं अजिंक्यपद. जोआन गंडरसन कार्नर नंतर पाचापर्यंत पोचली, सहापर्यंत कुणी नाही.

हरलेल्या पॅटीचं पुढं काय झालं, तेही सांगा. १९३८ मध्ये तिनं हेच अजिंक्यपद जिंकलं, १९५० मध्ये एलपीजीए ही महिला व्यावसायिक गोल्फपटूंची संघटना स्थापन झाली तिची ती पहिली अध्यक्ष झाली. हंगामातली सर्वांत कमी फटक्यांची सरासरी राखणाऱ्या व्यावसायिक खेळाडूला दिला जाणारा वेअर करंडक १९५३ मध्ये सुरू झाला, ग्लेनाच्या नावानं. पहिली मानकरी पॅटी बर्ग.

यातूनच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळते. ग्लेना आयुष्यभर हौशी राहिली, पण ती निवड तिच्या काळानं केलेली होती. स्त्रियांसाठी व्यावसायिक दौरा तिच्या ऐन भरात अस्तित्वातच नव्हता. हौशी अजिंक्यपद हेच शिखर होतं आणि त्यासाठी बोटीनं, रेल्वेनं महिनोन्महिने फिरायला घरचा पैसा लागे. ज्या गुणी मुलींकडे तो नव्हता, त्यांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत. म्हणून 'तीही हौशी होती' हे आजच्या निर्णयाला कारण म्हणून धरू नका.

आज हौशी खेळ ही पायरी आहे आणि ती किती दिवस चढायची हा हिशेब आहे. अदिती अशोकनं २०१५ मध्ये ब्रिटिश हौशी स्ट्रोक-प्ले अजिंक्यपद जिंकलं, त्याच वर्षाअखेर युरोपियन दौऱ्याची पात्रता स्पर्धाही जिंकली आणि १ जानेवारी २०१६ ला व्यावसायिक झाली. त्याच वर्षी ती रिओ ऑलिंपिक खेळली आणि इंडियन ओपन जिंकली. क्रम पाहा: आधी हौशी गटात वरची जागा, मग पात्रता हातात, मग बदल. तुमची मुलगी हँडिकॅप ४ वर आहे. व्यावसायिक दौऱ्यावर जाणाऱ्या मुली शून्याच्या बऱ्याच खाली असतात. माझं मत स्पष्ट आहे: आत्ता नाही. २०२२ पासून हौशी दर्जाचे नियम पुष्कळ सैल झाले आहेत, प्रायोजकांकडून खर्च घेता येतो, त्यामुळे केवळ पैशासाठी घाई करण्याचं जुनं कारणही उरलेलं नाही. आशिया-पॅसिफिक महिला हौशी स्पर्धेपर्यंत तिला पोचू द्या. दोन वर्षांनी हँडिकॅप शून्याखाली असेल तर आपण पुन्हा बोलू.

एक काम मात्र या आठवड्यात. दोन्ही फायनलचं तिनं होलवार लिहून काढावं, आठवेल तेवढं: कुठला क्लब घेतला, पट किती फुटांचा होता, तेव्हा किती अप किंवा किती डाऊन होती. दुसऱ्या फायनलविषयी तुम्ही फक्त '५ आणि ४' एवढंच लिहिलं आहे, त्यावरून ती सरस खेळाडूकडून हरली की स्वतःकडून, हे मला ठरवता येत नाही. तिनं लिहिलेलं पाठवा, तुमचं नको. आणि कागदाच्या मागच्या बाजूला तिला वाटतं ते कारण एका ओळीत.